मोटारीसाठी एरंडेल

खरं बोलल्यानं माणसाची अब्रू जाते, याचा अनुभव चांगदेवराव म्हात्रे यांना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मांडव्याच्या वाण्याच्या दुकानात आला.

“बारा बाटल्या एरंडेल द्या,” ते म्हणाले.

वाण्यानं हातातला तराजू खाली ठेवला. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती, तीही जवळ सरकली.

“बार?” वाणी म्हणाला. “काका, घरमां माणस केटला?”

“मी एकटाच.”

“तो पछी बार कशाला?”

“मोटारीसाठी हवंय.”

वाण्यानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग मान हलवत तो फार समजुतीनं म्हणाला, “हां, हां. मोटारीसाठी. बराबर.” आणि पुढे वाकून, आवाज खाली आणून त्यानं विचारलं, “केटला दिवस झाले, काका?”

चांगदेवरावांनी एकतीस वर्षं मीठखात्यात सरकारकून म्हणून काढली होती. त्या काळात त्यांना पुष्कळ प्रश्न विचारले गेले, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते म्हणाले, “तुम्ही बाटल्या काढा.”

वाण्यानं दोन काढल्या. बाकीच्या दहा द्यायला तो तयार होईना. म्हणाला, “एकसाथे बार बाटली मी नाय देणार. उद्या काय झालं तर लोक मने बोलशे.”

वस्तुस्थिती अशी होती की एरंडेल खरोखरच मोटारीसाठी होतं.

मांडव्याच्या किनाऱ्यावर सोराबशेठ नावाच्या मुंबईच्या पारशी तरुणाचा बंगला होता. सोराबशेठला शर्यतीच्या मोटारींचा नाद. त्याची मोटार इटलीहून आलेली, लाल, दोनच माणसं बसतील अशी. तिचं नाक इतकं लांब होतं की माणसांच्या वाट्याला मोटारीचा शेवटचा तिसरा हिस्सा यायचा. नाकावरच्या झाकणाला कातडी पट्टा होता, घोड्याच्या पोटाला असतो तसा. ही मोटार तासाला शंभर मैल पळते, असं सोराबशेठ सांगे. पळता पळता तिनं एकदा सोराबशेठला बाहेर टाकलं आणि त्याचा खांदा मोडला. तेव्हा त्याच्या आईनं सांगितलं की मोटार विकल्याशिवाय मी जेवणार नाही. सोराबशेठनं मोटार विकली असं आईला सांगितलं, आणि चैत्रात एका सकाळी ती हरेश्वर तांडेलाच्या पडावात घालून खाडीपार मांडव्याला आणली. मग तो खांदा दुरुस्त करायला सहा महिने विलायतेला गेला.

जाताना त्यानं मोटार चांगदेवरावांच्या ताब्यात दिली. हा माणूस विश्वासाचा, असं त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं. चांगदेवरावांनी मिठाच्या राशी राखल्या होत्या. एकतीस वर्षांत त्यांच्या राशीतलं जे मीठ कमी झालं ते पावसानं झालं, आणि तेवढी सूट खात्यालाच मान्य होती.

सोराबशेठनं एक हात गळ्यात बांधून दोन दिवस त्यांना ओहोटीच्या कडक वाळूवर मोटार शिकवली. मोटारीला खाली पायानं दाबायच्या तीन पट्ट्या होत्या. डावी गियरसाठी, उजवी थांबण्यासाठी आणि मधली पळण्यासाठी. थांबण्याची आणि पळण्याची पट्टी इतकी जवळ का, असं चांगदेवरावांनी विचारलं. सोराबशेठ म्हणाला, “काका, एने थांबवा माटे बनवीच नथी. थांबायसाठी नाय ती.”

मग त्यानं सात सूचना लिहून दिल्या. दर शनिवारी इंजिन सुरू करावं. दहा मिनिटं चालू ठेवावं. मग मोटार एक मैल फिरवावी, नाहीतर एका जागी उभं राहून टायर चपटे होतात. अशा सूचना. पाचवी सूचना अशी होती: इंजिनात एरंडेलाशिवाय दुसरं कोणतंही तेल घालू नये, दर दोन महिन्यांनी जुनं काढून नवं भरावं, नाहीतर त्याचा डिंक होतो. चांगदेवरावांना आधी वाटलं, शेठच्या लिहिण्यात काही चूक झाली असेल. पण सरकारी नोकरीत आयुष्य गेलेला माणूस कलमाचा अर्थ विचारत नाही, कलम पाळतो.

आता त्यांनी ही जोखीम घेतलीच का, तेही सांगायला हवं.

माघात त्यांची बायको कृष्णाबाई गेली. तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली. सगळं आटोपल्यावर मुलगा रावजी म्हणाला, “बाबा, घराला कुलूप लावा आणि परळला चला.” रावजी गिरणीच्या कचेरीत होता, खोली होती, सून चांगली होती. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. चांगदेवराव म्हणाले, शिमगा होऊ दे. शिमगा झाला. मग म्हणाले, पाडवा होऊ दे. पाडवाही झाला. कारणं संपत आली होती तेवढ्यात मोटार आली. त्यांनी रावजीला कळवलं की जोखमीचं काम अंगावर घेतलं आहे, सहा महिने हलता येणार नाही. रावजीचं उत्तर आलं: ठीक आहे; पण प्रकृतीची हेळसांड होते आहे असं कानावर आलं, तर त्याच दिवशी येऊन घेऊन जाईन.

म्हणजे चांगदेवरावांना त्यांच्याच घरात राहायचं असेल, तर मोटारीची आणि स्वतःची अशा दोघांच्या प्रकृती चांगल्या ठेवणं भाग होतं. दोन महिने त्या दोन्ही ठेवल्या. शनिवारी इंजिन सुरू होई. ते सुरू झालं की वडाच्या झाडावरचे बगळे उडून सासवण्याला जात आणि दुपारी परत येत. मग चांगदेवराव कोट घालून, टोपी घालून मोटार पहिल्या गियरमध्ये एक मैल नेत आणि आणत. पुढे हरेश्वर तांडेल चालत जाई. तो चालत असल्यामुळे मोटारीलाही चालावंच लागे. समुद्राची ओहोटी शनिवारची वेळ पाळत नाही, एवढाच काय तो त्रास होता.

दोन महिने झाल्यावर तेल बदलायचं आलं. त्यासाठी शेठनं डबा भरून एरंडेल ठेवलं होतं. चांगदेवरावांनी मोटारीखाली जाऊन बूच काढलं, जुनं तेल घमेल्यात घेतलं, घमेलं बाहेर नेऊन ठेवलं आणि वरून नवं ओतायला सुरुवात केली. बूच त्यांच्या कोटाच्या खिशात होतं. वरून ओतलेलं तेल शांतपणे खालून वाळूत गेलं. डबा रिकामा होईपर्यंत त्यांना वाटत होतं की मोटार फारच पिते.

म्हणून बारा बाटल्या.

दोन बाटल्या घेऊन ते घरी पोचायच्या आधी बातमी घरापाशी पोचली होती. शेजारची म्हातारी बायजा ओटीवर येऊन बसली होती.

“चांगदेवा,” ती म्हणाली, “मला आईसारखी समज. लाजू नको. किती दिस झाले?”

“काही झालेलं नाही, बायजाकाकी. मोटारीसाठी आणलंय.”

“व्हय रे, मोटारीसाठीच. पण मोटारीला म्हनावं, निजताना ऊन पानी पी. आनि दोन मनुका.”

संध्याकाळी पोलीसपाटील बाबाजी आले. ते आधी पिकाबद्दल बोलले, मग सरकारबद्दल बोलले, आणि उठता उठता म्हणाले, “सरकारकून, बायको गेली की माणसाचं खाण्यापिण्याचं तंत्र बिघडतं. माझ्या मेहुण्याचं असंच झालं होतं. तोही आधी सांगायचा, म्हशीसाठी हवंय.”

चांगदेवरावांनी त्यांना पाचवी सूचना वाचून दाखवली. ती इंग्रजीत होती. पाटलांनी ती आदरानं ऐकून घेतली आणि सुंठेची पूड लागली तर माझ्या घरून न्या म्हणून सांगितलं.

चार दिवसांत मांडव्यात ‘मोटारीसाठी’ हा शब्द रूढ झाला. एखादा माणूस सकाळी घाईघाईनं शेताकडे निघाला की दुसरा विचारी, “काय, मोटारीसाठी?” चांगदेवराव रस्त्यानं जाताना बायका पदर तोंडाला लावत. त्यांनी चालण्याचा वेग वाढवून पाहिला, तर लोकांचा समज आणखी पक्का झाला. कमी करून पाहिला, तर लोक म्हणाले, अशक्तपणा आलाय.

पण खरा घाव नीराबाईनं घातला. नीराबाई ही हरेश्वर तांडेलाची बायको. कृष्णाबाई गेल्यापासून रोज सकाळी ती चांगदेवरावांच्या दारात ताजी मासळी टाकून जाई. त्या आठवड्यात ती पातेलं घेऊन आली. पातेल्यात तांदळाची पेज होती.

“म्हावरा कुठंय?” चांगदेवरावांनी विचारलं.

“म्हावरा न्हाय भेटनार, काका. पोटाला आराम द्या.”

“अगो, माझं पोट ठणठणीत आहे.”

“मग त्या बाटल्या कुनी पिल्या?”

“मोटारीनं.”

“तर मोटारीला म्हावरा देते,” नीराबाई म्हणाली आणि गेली.

पावसाळ्याआधीचे ते शेवटचे दिवस. बोटी ओढल्या की चार महिने ताजी मासळी नाही. आणि त्या दिवसांत मांडव्यासारख्या गावात राहून चांगदेवराव तीन आठवडे पेज प्यायले. एकदा त्यांनी दुसऱ्या कोळणीकडे बोंबील मागून पाहिले. तिनं आधी नीराबाईला विचारून येते म्हणून सांगितलं.

उरलेल्या दहा बाटल्या जमवायला त्यांना तालुका पालथा घालावा लागला. चोंढीला दोन मिळाल्या, किहीमला एक. बाकीसाठी ते दोन दिवस अलिबागला जाऊन राहिले आणि निरनिराळ्या दुकानांतून एकेक, दोनदोन घेत फिरले. शेवटच्या दुकानदारानं सांगितलं, “तुमच्या नशिबानं ही एक उरली. कुणीतरी सगळ्या बाजारातलं एरंडेल उचलतंय.” चांगदेवराव म्हणाले, “असं का?” आणि बाटली घेऊन बाहेर पडले. एकतीस वर्षांच्या नोकरीत ते कधी खोटं बोलले नव्हते. ‘असं का’ हे खोटं आहे की नाही, याचा त्यांनी परतीच्या बैलगाडीत बराच विचार केला.

ते अलिबागला होते त्या दोन दिवसांत हरेश्वर तांडेलानं त्यांच्यावर एक उपकार केला.

हरेश्वर मनानं मोठा माणूस. ज्येष्ठात कोळी आपापल्या बोटी किनाऱ्यावर ओढून घेतात. लाकडी सांध्यांत कापूस आणि राळ ठासून भरतात, वरून मुशी माशाच्या काळजाचं तेल चोपडतात आणि झावळ्यांनी बोट झाकून ठेवतात. ते तेल लावलेल्या लाकडाला चार महिने पाणी शिवत नाही. माणूसही शिवत नाही, कारण त्याचा वास पाव मैलावर येतो. हरेश्वरनं आपली बोट बांधली, भावाची बांधली. मग त्याला वाटलं, मोटारही आपल्याच पडावातून आलेली, सरकारकून घरी नाहीत, बिचाऱ्यांना पोटाचा त्रास; तर तीही बांधून टाकावी.

चांगदेवराव परत आले तेव्हा मोटारीच्या शेडच्या दाराशी सात मांजरं बसली होती. आत आणखी चार होती, ती मोटारीवर बसली होती. मोटार नाकापासून शेपटीपर्यंत चकचकत होती. कातडी बैठकी चकचकत होत्या. खालच्या तीन पट्ट्याही चकचकत होत्या.

“सरकारकून,” हरेश्वर म्हणाला, “आता कितीबी पाऊस पडू द्या. थेंब न्हाय जायाचा.”

चांगदेवरावांनी नाकाला रुमाल लावला आणि आभार मानले. दुसरं काय करणार? त्यांनी मांजरं हाकलली, बूच नीट बसवलं, दोनदा हात लावून पाहिलं, आणि बारा बाटल्या एरंडेल वरून ओतलं. ते आत राहिलं. त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी बायजाच्या आरड्यानं ते उठले.

“माजा भात गुलाबी झाला रे! कुनी केला माजा भात गुलाबी?”

बाहेर येऊन पाहतात तो विहिरीवर आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर उभे, बरोबर शिपाई, आणि शिपाई घागरीतून लाल औषध विहिरीत ओततो आहे. गावातल्या बाकीच्या विहिरी उरकून ते शेवटी इथं आले होते, आणि बायजानं भाताचं पाणी त्यांतल्याच एका विहिरीचं आणलं होतं.

“चांगदेव म्हात्रे आपणच?” इन्स्पेक्टरांनी विचारलं. “अलिबागच्या दवाखान्यात पोराबाळांना द्यायला एक चमचा एरंडेल उरलेलं नाही. चौकशी केली, तर सगळा माल मांडव्याला आलेला. एवढं एरंडेल लागतं याचा अर्थ पोटाची साथ आहे. गावात साथ आहे आणि गावानं ती लपवली.”

“साथ नाही, साहेब,” बाबाजी पाटील पुढे होऊन म्हणाले. त्यांच्या नोकरीचा प्रश्न होता. “एकटे हेच आहेत.”

“बारा बाटल्या एकट्यानं?” इन्स्पेक्टरांच्या आवाजात प्रथमच आदर आला. “मग यांना आजच्या आज अलिबागला हलवलं पाहिजे.”

“अलिबागला नाही,” मागून आवाज आला. “मुंबईला.”

रावजी उभा होता. पहाटेच्या बोटीनं आला होता. त्याच्या गिरणीत मांडव्याचा एक माणूस होता. त्यानं सांगितलं होतं की तुझा बाप रोज बारा बाटल्या घेतो. मुंबईला पोचेपर्यंत आकडा तोच राहिला, फक्त ‘रोज’ वाढला.

रावजी वडिलांच्या पाया पडला, आत गेला आणि त्यांची वळकटी बांधायला लागला. तीन आठवडे पेजेवर राहून चांगदेवराव वाळले होते, ते त्यानं एका नजरेत पाहिलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“बाबा, काही बोलू नका. मी कळवलं होतं. दुपारच्या बोटीनं निघायचं.”

“अरे, मोटारीसाठी...”

“बाबा!” रावजी म्हणाला.

चांगदेवरावांनी वळकटीकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं की आता बोलून उपयोग नाही, आणि दाखवल्याशिवाय गत्यंतर नाही. ते कोट घालून बाहेर आले आणि इन्स्पेक्टरांना म्हणाले, “साहेब, एरंडेल कुठं गेलं ते दाखवतो. इंजिनाचं झाकण काढून नको. चालवून दाखवतो. मग मला कुठं न्यायचं ते तुम्ही दोघं ठरवा.”

सगळा गाव बंगल्याच्या शेडपाशी जमला. ओहोटी होती. कोळ्यांनी मोटार ढकलून वाळूवर आणली. मांजरंही मागून आली. चांगदेवरावांनी सूचनांप्रमाणे सगळ्या दांड्या जागेवर लावल्या आणि पुढे जाऊन हँडल मारलं. काही झालं नाही. पुन्हा मारलं. वीस वेळा मारलं. टोपी काढून ठेवली आणि पुन्हा वीस वेळा मारलं.

“काका, बसा जरा,” नीराबाई म्हणाली. “जोर करू नका. पोटाला बरा न्हाय.”

इन्स्पेक्टरांनी घड्याळ पाहिलं. रावजी जवळ येऊन हळूच म्हणाला, “बाबा, पुरे. चला.”

तेव्हा हरेश्वर म्हणाला, “चालू कशी होईल? मी सगळी भोका बुजवलीत.”

“कुठली भोकं?”

“हायत न्हवं का, ही पुढं दोन, आनि मागं ती नळी हाय ती. कापूस नि राळ चांगली ठोकून भरलीय. बोटीला भोक ठेवून चालतं काय?”

मग अर्धा तास मोटारीतून कापूस काढण्यात गेला. तळाच्या फळ्यांच्या सांध्यांतला राहू दिला, पुढचा निघाला, पण मागच्या नळीतली राळ आत दगडासारखी बसली होती. आकडी घालून तिच्यातली थोडी काढली आणि उरलेली देवावर सोडली. चांगदेवरावांनी हँडल मारलं. इंजिन एकदा खोकलं. पुन्हा मारलं. इंजिनानं तीन-चार ठोके दिले, आणि तोफेसारखा आवाज होऊन मागच्या नळीतून राळेचा गोळा सुटला. मागे इन्स्पेक्टरांचा शिपाई लाल औषधाची घागर घेऊन उभा होता. घागर गेली. शिपाई वाचला, पण गुडघ्यापासून खाली बरेच दिवस जांभळा राहिला.

आणि मोटार सुरू झाली. एरंडेलाचा पांढरा धूर साऱ्या किनाऱ्यावर पसरला. तो वास लहानपणी ज्यानं नाक दाबून एक चमचा घेतला आहे, तो कधी विसरत नाही. गावातली सगळी पोरं एका क्षणात पळून गेली.

“अरे देवा,” बायजा म्हणाली. “मोटारच पीत व्हती की!”

चांगदेवरावांच्या आयुष्यातला हा फार समाधानाचा क्षण होता. त्यांनी तिथंच थांबायला हवं होतं. पण चालवून दाखवतो असं ते बोलून बसले होते, आणि बोललेलं करणं हा त्यांचा स्वभाव. ते मोटारीत बसले. “बाबा, उतरा,” म्हणत त्यांना ओढायला रावजी दुसऱ्या बाजूनं आत आला आणि तेल लावलेल्या बैठकीवरून घसरून सरळ तळाला बसला. हरेश्वर नेहमीप्रमाणे पुढे चालायला लागला.

मोटार दहा पावलं नीट चालली. मग हरेश्वर कुणाशी तरी बोलायला थांबला, म्हणून चांगदेवरावांनी उजव्या पट्टीवर पाय दिला. पट्टीला मुशीचं तेल होतं. पाय घसरला तो मधल्या पट्टीवर गेला आणि तिथं पक्का बसला.

पुढचं त्यांना सलग सांगता येत नाही. हरेश्वरनं उडी मारली हे त्यांनी पाहिलं. मग उजवीकडे समुद्र होता आणि डावीकडे एक हिरवी रेघ होती. ती सुरूची झाडं असावीत. गियर बदलल्याचं त्यांना आठवत नाही, पण कुणीतरी ते बदलले, आणि रावजीचा हात तिथं पोचत नव्हता. बोंबील वाळत घातलेली दोरी पुढे आली. ती त्यांनी चुकवली असं त्यांना वाटलं. पण मग अर्धवट वाळलेला एक बोंबील त्यांच्या मांडीवर येऊन पडला. तीन आठवड्यांनंतर. रावजी तळाला बसून काहीतरी ओरडत होता. सासवणे येऊन गेलं.

पुढे एक ओहोळ समुद्राला मिळतो. तिथली वाळू मऊ आहे. मोटार त्या वाळूत शिरली, नाक खाली घातलं आणि थांबली. सोराबशेठ म्हणाला होता ते खरं होतं. थांबण्याची सोय बाहेरूनच करावी लागत होती.

इंजिन बंद पडलं होतं. रावजी हळूहळू वर येऊन बैठकीवर बसला. त्याच्या गळ्यात बोंबलांची अर्धी दोरी होती.

“बाबा,” तो म्हणाला, “काटा कुठं होता?”

“सत्तरवर.”

“मैल?”

“ते काही लिहिलेलं नाही. इटालियन आहे. शेठ आल्यावर विचारू.”

रावजी हसायला लागला. आधी थोडं हसला, मग त्याला आवरेना. आई गेल्यापासून चांगदेवरावांनी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. हसताना तो कृष्णाबाईसारखाच एक डोळा मिटायचा, हे ते विसरून गेले होते. त्यांनी समोर समुद्राकडे पाहिलं. भरती सुरू झाली होती.

रावजी हसायचा थांबला. मग म्हणाला, “बाबा, खरं सांगा. मोटारीचं राहू द्या. मुंबईला यायला तुमची काय अडचण आहे? तुमची सून चांगली वागत नाही का तुमच्याशी?”

“नाही रे. सूनबाई गुणाची आहे.”

“मग?”

चांगदेवरावांनी मांडीवरचा बोंबील उचलून बाजूला ठेवला. “तुझ्या त्या खोलीत तुझी आई एकदाही आली नाही,” ते म्हणाले. “तिला बोट लागायची. दर वेळी म्हणायची, पुढच्या खेपेला येते.”

“हो.”

“इथं ती चुलीपाशी असते. मागच्या पडवीत असते. विहिरीवर असते. तुझ्या खोलीत मी तिला कुठं शोधू?”

रावजीनं गळ्यातली दोरी काढून मांडीवर घेतली. लाट आली आणि पुढच्या चाकाला लागून परत गेली. दुसरी आली ती परत गेली नाही.

“बाबा, पाणी वर येतंय.”

“हो,” चांगदेवराव म्हणाले. “येणारच. आज उधाण आहे.”

पाणी बाहेरून बैठकीच्या खाली टेकलं तेव्हा लांबून कोळी धावत येताना दिसले. त्यांच्यापुढे दोर घेतलेला हरेश्वर होता. त्यांनी मोटारीला दोर बांधले, खाली ओंडके सरकवले आणि बोट ओढताना म्हणतात तेच सगळं म्हणत तिला वर सुक्या वाळूत घेतलं. हरेश्वरनं आत वाकून तळाच्या फळ्यांवरून हात फिरवला. हात कोरडा होता.

“बगा, सरकारकून,” तो म्हणाला. “थेंब तरी हाय काय? आनि तुमी काल नाकाला रुमाल लावला व्हता.”

इन्स्पेक्टर मागून चालत आले. त्यांच्यापाशी छापील अर्ज होता आणि तो भरल्याशिवाय त्यांना परत जाता येत नव्हतं. साथ नाही असं लिहायला अर्जात जागा नव्हती. रुग्णाची माहिती भरावीच लागे. त्यांनी थोडा विचार करून भरलं: रुग्णसंख्या एक. वय चार वर्षं. जात इटालियन. औषध एरंडेल, बारा बाटल्या. गुण आला. खाली त्यांनी सही केली आणि साक्षीदार म्हणून पोलीसपाटलांची घेतली. हा कागद अलिबागला गेला आणि त्याबद्दल कधीही काही विचारणा झाली नाही.

दुपारची बोट गेली. रावजी त्या बोटीत नव्हता. तो शेडमध्ये चड्डीवर बसून मोटारीच्या चाकांतली वाळू काढत होता आणि मांजरं हाकलत होता. संध्याकाळी नीराबाई न बोलता मोसमातल्या शेवटच्या सरंग्याची तव्याएवढी तुकडी ठेवून गेली. रविवारी रावजीनं पाचवी सूचना सोडून बाकीच्या सहा पाठ केल्या. पाचवी सगळ्यांनाच पाठ होती.

सोमवारी तो गेला. मुंबईचा विषय त्यानं काढला नाही, आणि चांगदेवरावांनीही काढला नाही. वरून प्रकरण बंद झालं की खालून ते उघडायचं नसतं, एवढं त्यांना नोकरीत कळलं होतं. तो गेल्यावर त्यांनी वळकटी सोडून घोंगडी पुन्हा खाटेवर पसरली.

गुरुवारी पत्र आलं. रावजीच्या पत्रात पहिल्या तीन ओळी प्रकृतीच्या असत. ऊन पाणी प्यावं, वेळेवर जेवावं, अशा. या पत्रात त्या नव्हत्या. लिहिलं होतं: शनिवारी बोट मिळाली तर येतो. मी येईपर्यंत मोटार सुरू करू नये.

शनिवारी समुद्र खवळलेला होता आणि बोट येईल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. चांगदेवराव दोन माणसांचा भात करून, झाकून ठेवून धक्क्यावर गेले. हरेश्वर तिथं दोर गुंडाळत होता.

“सरकारकून, बोट धाची हाय,” तो म्हणाला. “आता सात वाजलेत.”

“ठाऊक आहे,” चांगदेवराव म्हणाले, आणि टोपी नीट बसवून मुंबईच्या दिशेला तोंड करून उभे राहिले.